बाबांना जिना चढायला लावला, ही काय पद्धत झाली?

पत्र

माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर त्यांचं आयुष्य गेलं. कोपरीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. चाळीसेक वर्षं बिडी-सिगारेट ओढली, दिवाळीपासून पूर्ण बंद आहे. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. बायॉप्सीत कॅन्सर आला, पण पेट स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे पसरलेला दिसत नाही. सर्जन म्हणाले, वरचा लोब, म्हणजे फुफ्फुसाचा तेवढा कप्पा, काढू.

मग फुफ्फुसाची ताकद बघणारी पीएफटी केली. त्यात फुंकरीचा आकडा ६२ टक्के आणि गॅसच्या तपासणीचा ५५ टक्के आला. त्यावर डॉक्टरांनी बाबांना चक्क हॉस्पिटलच्या जिन्यावर नेलं आणि म्हणाले, चढा. बोटाला क्लिप लावली होती, एक मुलगी बरोबर होती. चार मजले चढून बाबा थांबले. कागदावर लिहून दिलं: '८८ पायऱ्या, १४ मीटर, दम लागला, उजवा गुडघा दुखला, ऑक्सिजन ९६ वरून ९३.' आता सांगतात, सायकलवरची वेगळी तपासणी करून या, मग ठरवू.

एवढी मशिनं असताना कॅन्सरच्या पेशंटला जिना चढवतात, ही थट्टा नाही का? धाकटे काका म्हणतात, दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ आणि जिन्याचं नावच काढायचं नाही. आई म्हणते, पंधरा दिवस सराव करून घेऊ आणि पुन्हा चढवू. समोरच्या आजोबांना तर नुसतं सहा मिनिटं चालवलं होतं. आणि बाबा रुसून बसलेत. 'नापास झालो ना, मग नकोच ते ऑपरेशन,' म्हणतात. काय करू?

— एक मुलगी, ऐरोली

उत्तर

ताई,

बाकी सगळं नंतर. आधी बाबांना एवढं सांगा की ते नापास झालेले नाहीत. १४ मीटर या आकड्याचा अर्थ 'ऑपरेशन होणार नाही' असा नाही. 'अजून नीट मोजून बघा' इतकाच त्याचा अर्थ आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलंय. तुमच्या पत्रातल्या माहितीवरून तरी मला त्यांचं काही चुकलेलं दिसत नाही. उलट पेशंटबरोबर जिना चढायला माणूस पाठवणारं, पायऱ्या मोजणारं, ऑक्सिजन लिहून ठेवणारं हॉस्पिटल मिळालंय, हे मी तुमचं नशीबच समजते.

थट्टा वाटली, हे समजतं. सीटी, पेट, बायॉप्सी अशा एकाहून एक महागड्या तपासण्या झाल्यावर कुणी जिना दाखवला की माणूस दचकतोच. पण पीएफटी कशी होते ते आठवा. बाबा खुर्चीत बसले, नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी धरली आणि सांगितल्यावर जोरात फुंकर मारली. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, त्याचा हिशेब म्हणजे तुमचे ते ६२ टक्के. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाकडून जेवढी अपेक्षा असते, त्याच्या ६२ टक्के. दुसरा आकडा, ५५ टक्के, फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज उतरतो ते सांगतो. दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत, पण दोन्ही खुर्चीत बसलेल्या माणसाचे आहेत. जोर लावायची वेळ आली की हृदय किती साथ देतं, पायांचे स्नायू आलेला ऑक्सिजन किती वापरतात, रक्त पुरेसं आहे का, यातलं काहीच त्या नळीला कळत नाही.

आणि ऑपरेशन म्हणजे जोर लावायचीच वेळ. छातीच्या ऑपरेशनात ज्या बाजूला काम चालू असतं, त्या बाजूचं फुफ्फुस मिटवून ठेवतात आणि तेवढा वेळ पेशंट एकाच फुफ्फुसावर असतो. शुद्धीवर आल्यावर टाके दुखतात म्हणून खोल श्वास घेववत नाही. खोकायची भीती वाटते, कफ साठतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. पहिल्या काही दिवसांत हृदयाचे ठोके अनियमित होणं हेही या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांत दिसतं. या सगळ्यात शरीराची ऑक्सिजनची मागणी वाढलेली असते आणि पुरवठा करणारं फुफ्फुस मात्र कमी झालेलं असतं. ती ओढाताण निभावण्याइतकी शिल्लक बाबांच्या अंगात आहे का, हा खरा प्रश्न आहे. तो बसून विचारता येत नाही.

आता तुमच्याच आकड्यांवर डॉक्टरांनी काय हिशेब केला असेल, ते बघू. दोन्ही फुफ्फुसं मिळून १९ छोटे विभाग धरतात. उजव्या बाजूला दहा, डाव्या बाजूला नऊ. उजव्या वरच्या लोबमध्ये त्यातले तीन येतात. म्हणजे लोब काढल्यावर १६ उरतील. ६२ ला १६ ने गुणा, १९ ने भागा. उत्तर येतं ५२. तसंच ५५ चे होतात ४६. (गाठीने एखादा विभाग आधीच बंद पाडला असेल तर तो काढल्याने नुकसान होत नाही, म्हणून तो मोजणीतून वगळतात. पण ते सीटी बघूनच ठरतं.) तर ऑपरेशननंतर बाबांकडे अंदाजे ५२ आणि ४६ टक्के उरतील.

अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं बरेच छातीचे डॉक्टर वापरतात. त्यात असं आहे: उरणारे दोन्ही आकडे ६० च्या वर असतील तर धोका कमी, पुढे काही तपासू नका. एखादा जरी ३० च्या खाली गेला तर थेट सायकलवरची मोठी तपासणी करा. आणि मधे कुठे असतील, म्हणजे बाबांसारखे, तर आधी जिना चढवा किंवा शटल वॉक (बीपच्या तालावर चालायची तपासणी, पुढे सांगते) करा. जिना २२ मीटर उंचीपर्यंत चढले किंवा शटल वॉक ४०० मीटर झालं, तर धोका कमी समजा. तेवढं झालं नाही तर सायकल. तुमच्याकडे अगदी याच क्रमाने चाललंय. युरोपातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये थोडा वेगळा क्रम लावला होता. त्यांच्या मते सुरुवातीचे आकडेच ८० च्या खाली असतील तर सायकलच करावी. पण जिथे ती सोय सहज मिळत नाही, तिथे जिन्याने सुरुवात करायला त्यांचीही ना नव्हती. आपल्याकडे ती सोय किती ठिकाणी आहे ते तुम्ही चौकशीला लागलात की कळेलच. जिना मात्र प्रत्येक हॉस्पिटलात असतो.

जिन्याची ही परीक्षा काही कालची नाही. जुने सर्जन पेशंटला घेऊन स्वतःच जिना चढायचे. तीन मजले न थांबता आला तर लोब काढायला हरकत नाही, पाच आला तर गरज पडल्यास पूर्ण फुफ्फुस काढता येईल, असा त्यांचा आडाखा होता. अडचण एवढीच की मजला सगळीकडे सारखा नसतो. तुमच्या कोपरीतल्या बिल्डिंगचा मजला तीन मीटरचा असेल, हॉस्पिटलचा साडेतीनचा, एखाद्या जुन्या इमारतीचा चारचा. म्हणून मग मजले सोडून मीटर मोजायला लागले. इटलीतले सर्जन अलेस्सांद्रो ब्रुनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो पेशंटना ऑपरेशनआधी जिना चढायला लावून पुढे त्यांचं काय झालं ते नोंदवलं. २२ मीटरच्या वर गेलेल्यांचं ऑपरेशननंतर बहुतेक सुरळीत पार पडलं. १२ मीटरच्या आत थांबलेल्यांत गुंतागुंत आणि मृत्यू दोन्ही कितीतरी जास्त होते. बाबांच्या कागदावरच्या ८८ पायऱ्या बघा. एक पायरी १६ सेंटिमीटरची धरली तर बरोबर १४ मीटर होतात. म्हणजे कुणीतरी पायरीची उंची पट्टीने मोजून ठेवलेली आहे. ही माणसं थट्टा करणारी वाटत नाहीत मला.

१४ म्हणजे १२ च्या वर आणि २२ च्या खाली. मधला पट्टा. या पट्ट्यातल्या माणसांचं ऑपरेशन होतं, रोज होतं. फक्त त्याआधी थोडी जास्त माहिती लागते.

आणि त्या कागदावर मीटरपेक्षाही मला महत्त्वाचे वाटतात ते पुढचे शब्द: दम लागला, उजवा गुडघा दुखला. पेशंट किती चढला यापेक्षा का थांबला याकडे मी जास्त लक्ष देते. बाबांनी गुडघ्यामुळे पाय थांबवला असेल तर त्यांच्या फुफ्फुसाची ताकद १४ मीटरपेक्षा जास्त असू शकेल. दमामुळे थांबले असतील तर आकडा खरा आहे. दोन्ही एकदम झालं असेल तर जिन्यावरून ते वेगळं काढता येत नाही. सायकलची शिफारस केली ती याचसाठीही असणार, कारण सीटवर बसल्यावर गुडघ्यावर अंगाचा भार येत नाही. ऑक्सिजन ९६ वरून ९३ झाला, म्हणजे तीनने उतरला. चारपेक्षा जास्त उतरला असता तर मी जरा काळजीने वाचलं असतं.

एक गोष्ट घरी बघा. बाबा रोज तिसऱ्या मजल्यावर चढतात, म्हणजे सुमारे नऊ मीटर. मधे कुठे थांबतात का? बहुतेक जण थांबतात आणि थांबल्याचं कुणाला कळू देत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर लाइटच्या मीटरकडे बघत उभे राहतात, सोसायटीची नोटीस वाचतात, एखाद्या दारात 'काय, गावाला जाऊन आलात का' म्हणून दोन मिनिटं बोलतात. बोलतानासुद्धा दुसरा जास्त बोलेल असं बघतात. मी या कामात हे इतक्यांदा पाहिलंय की पेशंटला 'दम लागतो का?' असं विचारणं मी सोडून दिलंय. 'जिन्यात कुणाशी गप्पा मारता?' असं विचारते. आईंना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. आणि उत्तर काहीही आलं तरी डॉक्टरांना सांगा.

समोरच्या आजोबांच्या सहा मिनिटांबद्दल. ती तपासणीही चांगलीच आहे, पण तिचं काम वेगळं आहे. तीस मीटरच्या सरळ पॅसेजमध्ये पेशंट आपल्या चालीने सहा मिनिटं येरझाऱ्या घालतो. हवं तिथे थांबायची मुभा असते. दम्याच्या, सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या, हृदयाच्या पेशंटची प्रगती बघायला ती उत्तम. पण वेग पेशंटच ठरवतो. सावध माणूस हळू चालतो, आणि त्याची शेवटची ताकद किती ते कळतच नाही. म्हणून फुफ्फुसाच्या ऑपरेशनआधी तिच्या एकटीच्या आकड्यावर कुणी निर्णय घेऊ नये.

शटल वॉकमध्ये ही पळवाट नाही. दहा मीटरच्या पट्ट्याच्या दोन टोकांजवळ दोन कोन ठेवतात, ट्रॅफिकवाले ठेवतात तसे नारिंगी. रेकॉर्डिंगमधून 'बीप' वाजतो आणि बीप वाजायच्या आत पुढच्या कोनाशी पोचायचं. दर मिनिटाला बीप लवकर लवकर येऊ लागतात. पहिल्या मिनिटात चाल इतकी संथ असते की पेशंट माझ्याकडे बघून हसतात. ४०० मीटर पूर्ण होतात ते सातव्या मिनिटात, आणि तेव्हा वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास असतो. ठाणे स्टेशनला मेन लाइनवर उतरून नऊ-दहा नंबरवरची वाशीची गाडी सुटायच्या बेतात दिसली की आपण पुलावरून जसे निघतो, तसा. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मंडळींनी १९९२ साली ही पद्धत मांडली. जिन्यापेक्षा मला हीच जास्त आवडते. जागा सपाट असते, पडायची भीती कमी, आणि थांबलं की खुर्ची शेजारीच असते. पण बाबांची जिन्याची तपासणी झालेली आहे आणि पुढची सुचवलेलीही आहे, तेव्हा आता मधेच शटल वॉकचा आग्रह धरू नका. दिवस जातील, हाती नवीन काही लागणार नाही.

आता काका.

दुसरं मत घ्यायचं असेल तर अवश्य घ्या. कॅन्सरच्या ऑपरेशनआधी दुसरं मत मागितल्याने कुठलाही शहाणा डॉक्टर नाराज होत नाही. परळचं टाटा मेमोरियल आहे, त्यांचंच खारघरला अॅक्ट्रेक आहे, ऐरोलीहून तुम्हाला दोन्ही तसं अवघड नाही. पण जाताना जिन्याचा कागद बरोबर न्यायचा. सीटी आणि पेटच्या सीडी, बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, पीएफटीचा रिपोर्ट, आणि हा कागद. तो लपवून काय मिळणार? समजा नव्या सर्जनला ५२ आणि ४६ एवढंच दिसलं आणि तो म्हणाला, चला, करून टाकू. ऑपरेशन टेबलावर काका नसणार, बाबा असणार. १४ मीटरला थांबलेला माणूस टेबलावरही १४ मीटरचाच असतो, फक्त तिथल्या कुणाला ते माहीत नसतं. मग आयसीयूची तयारी कमी ठेवली जाते, फिजिओला उशिरा बोलावलं जातं, भूलतज्ज्ञ वेगळी योजना आखतो. काकांच्या मनात भावाबद्दल माया आहे म्हणून ते बोलले, हे कळतं. तरी या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आईंचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. सराव करायचाच, आणि आजपासून. पण जिना 'पास' व्हायला नाही. ऑपरेशनआधी दोन-चार आठवडे नेटाने व्यायाम केलेल्या पेशंटना छातीची गुंतागुंत कमी होते आणि ते हॉस्पिटलातून लवकर घरी जातात, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. आणि तसाही सायकलची तारीख मिळणं, भूलतज्ज्ञाला दाखवणं, हृदयाची इको यात एवढे दिवस जातातच. ते दिवस रिकामे घालवू नयेत. उलट नुसत्या सरावासाठी तारीखही फार पुढे ढकलू नये. गाठ थांबून राहत नाही. किती दिवस चालतील ते सर्जनकडून तारखेसकट विचारून घ्या.

काय करायचं? सकाळी तलावपाळीला न्या. कोपरीहून पूल ओलांडला की आलंच. मासुंदा तलावाच्या काठाने सपाट चालायला मिळतं, बसायला कट्टे आहेत. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवायचा. सुरुवातीला दहा मिनिटं चालून बसायचं, पुन्हा दहा मिनिटं. चार दिवसांनी थोडं वाढवायचं. गुडघ्याला पट्टा लावून चाललं तर चालेल. जिना मात्र घरी जेवढा चढावा लागतो तेवढाच, आणि आता नोटीस न वाचता उघडपणे थांबून. दम लागेपर्यंत जिना चढवून बघायचा प्रयोग घरच्या घरी कुणी करायचा नाही. छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, चक्कर आली, धडधड वाटली, तर व्यायाम तिथेच बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र हॉस्पिटलवाल्यांनी दिलं असेल, नसेल तर केमिस्टकडे मिळतं. त्याबद्दल एक तक्रार माझी कायमची आहे. लोक त्यात फुंकर मारतात. ते फुंकायचं नाही, ओढायचं असतं. आधी श्वास सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, मग सावकाश खोल ओढून चेंडू वर दोन-तीन सेकंद धरून ठेवायचे. तिन्ही चेंडू एकदम टणकन वर गेले याचा काही मोठेपणा नाही. पहिला चेंडू शांतपणे वर टिकला तर ते जास्त कामाचं. दर तासाला दहा वेळा, टीव्ही बघताबघता झालं तरी हरकत नाही. आणि उशी छातीशी दाबून धरून खोकायला आत्ताच शिकवा. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन काही शिकवलेलं डोक्यात शिरत नाही.

इनहेलर लिहून दिला असेल तर तो बाबा कसा घेतात हे डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवायला लावा. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर आत्ताच उपाय करा, कारण रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारे हमाल कमी. डाळ, अंडी, मासे, दही, जे खात असतील ते वाढवा. बिडी बंद आहे हे फार चांगलं झालं. घरी दुसरं कुणी ओढत असेल तर त्यांनाही खाली पाठवा.

आता ती सायकल. तिला सीपीईटी म्हणतात. एका जागी उभी असलेली सायकल, तोंडावर मास्क, छातीला ईसीजीच्या तारा, दंडाला बीपीचा पट्टा. पॅडल हळूहळू जड होत जातं. जोर लावायचा भाग साधारण दहा मिनिटांचा असतो. पूर्ण जोर लागला की मशीन सांगतं, शरीराने एका मिनिटात, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरला. नुसतं बसून असताना आपण साडेतीन मिलिलिटर वापरतो. जोर लावल्यावर तो २० च्या वर गेला तर धोका कमी. १० ते २० मध्ये असेल तर धोका मध्यम, म्हणजे ऑपरेशन करता येतं पण डोळसपणे, जास्त तयारीने. १० च्या खाली गेला तर धोका मोठा, आणि मग वेगळा मार्ग शोधतात. बाबांचं वजन ६० किलो असेल आणि आकडा १५ आला, तर ते मिनिटाला ९०० मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतात, असा त्याचा अर्थ. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे कुठला भाग आधी थकला हेही हा रिपोर्ट सांगतो. फुफ्फुस, हृदय की नुसते पाय. पाय असतील तर तलावपाळी आहेच.

आकडा कमी आला तरी दारं बंद होत नाहीत. छाती पूर्ण न उघडता दुर्बिणीतून ऑपरेशन करता येतं. लोबऐवजी त्यातला छोटा भाग काढता येतो. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कडेला असलेल्या गाठींत सेगमेंट, म्हणजे मघाच्या १९ पैकी एखादा विभाग, काढणं हे लोब काढण्याच्या तोडीचं ठरतं, असं जपानमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाबांची गाठ तीन सेंटिमीटरची आहे, तेव्हा त्यांच्या बाबतीत तो हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. पण फुफ्फुसाची ताकद कमी असली तर सर्जन तोही पर्याय तोलून बघतात. आणि ऑपरेशन नकोच असं ठरलं, तर मोजक्या बैठकांत नेमक्या गाठीवर जोरदार रेडिएशन देण्याची एसबीआरटी ही पद्धत आहे. पसरलेल्या नसलेल्या लहान गाठींवर ती चांगली चालते. म्हणून सर्जनबरोबर रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटा. दोघांनी एकत्र बसून ठरवलं तर सगळ्यात चांगलं.

राहिला बाबांचा रुसवा. लेथवर हयात घालवलेल्या माणसाला एका पोरीसमोर चौथ्या मजल्यावर थांबावं लागलं, हे त्याला लागणारच. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोला. जॉब लेथवर चढवायच्या आधी ते माप घ्यायचे की नाही? आणि हवं तर डॉ. जेम्स गिलमोर यांची गोष्ट सांगा. १९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये सर्जन एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी त्यांचं डावं फुफ्फुस पूर्ण काढलं. एका बैठकीत पूर्ण फुफ्फुस काढून पेशंट बरा झाल्याचं हे पहिलं गाजलेलं उदाहरण. गिलमोर त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जगले. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढायचे. ते १९५७ मध्ये फुफ्फुसाच्याच कॅन्सरने गेले, पेशंटच्या आधी. बाबांचे १९ पैकी तीनच विभाग जाणार आहेत.

तरीही सगळे आकडे हातात आल्यावर, सर्जनने धोका नीट समजावून दिल्यावर ते 'नको' म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे आणि मी त्याच्या आड येणार नाही. पण आजचं 'नको' हे जिन्यावरच्या अपमानातून आलंय. त्याला निर्णय समजू नका. सायकल होईपर्यंत ऑपरेशनचा विषय घरात काढूच नका.

सायकलच्या दिवशी दोन तास आधी हलकं खाऊ द्या, पोहे-उपमा चालेल, चहा-कॉफी नको. शर्ट सैल, पायात बूट, चप्पल नाही. रोजच्या गोळ्या आणि इनहेलर घ्यायचे की नाही हे आदल्या दिवशी फोन करून विचारा, विशेषतः बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर. गेल्या काही महिन्यांत छातीत दुखलं असेल, ठोके चुकले असतील, तर ते सायकलवर बसायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. गुडघ्याचंही सांगा, सीटची उंची त्याप्रमाणे वर-खाली करतात. तपासणी चालू असताना तुम्हाला आत थांबू दिलं तर थांबा, पण 'अजून थोडं बाबा, अजून थोडं' असं ओरडू नका. ते काम तिथल्या माणसांना करू द्या. त्यांना कधी थांबवायचं तेही कळतं.